ठोसरांनी हिरवळ काढली

दिनकर ठोसर वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी बायकोशी खोटं बोलले. आता सगळेच नवरे कधी ना कधी बोलतात, त्यात सांगण्यासारखं काही नाही. पण हा माणूस असा, की जन्मात कधी विनातिकीट बसमध्ये चढला नाही, ऑफिसातली साधी पेन्सिल घरी आणली नाही. आणि एवढं जपलेलं तोंड विटाळलं ते कशावरून, तर भाजीवरून. ऋषिपंचमीच्या भाजीवरून!

कोलकात्याच्या बेहाल्यात सखेरबाजारच्या मागच्या एका गल्लीत ठोसरांचं दुमजली घर आहे. दिनकररावांचा जन्म कोलकात्यातलाच. वडील फोर्ट विल्यममध्ये भांडारात कारकून होते. त्यांना डबा पोचवायला गेलेला लहानगा दिनकर साहेबांच्या बंगल्यापुढची हिरवळ बघत तासन्‌तास उभा राहायचा. एकदा न राहवून त्याने चप्पल काढून तिच्यावर पाय ठेवला, तेवढ्यात माळ्याने हुसकावून लावलं. त्या दिवशी पोराने मनाशी पक्कं केलं, आपलं घर झालं की पुढे हिरवळ करायची. पुढे एका इंजिनिअरिंग कंपनीत नकाशे काढण्यात आयुष्य गेलं. चौतीस वर्षांपूर्वी घर बांधलं, तेव्हा शेजाऱ्यापाजाऱ्यांनी पुढच्या जागेत दुकानाचे गाळे काढले, कोणी गाडीची शेड घातली. ठोसरांनी गवत लावलं.

आणि ते गवत म्हणजे काय थाट! दर रविवारी सकाळी यंत्र फिरायचं, कडा कातरीने कापल्या जायच्या, लव्हाळा दिसला की मुळासकट बाहेर. पावसाळ्यात गल्लीतलं गुडघाभर पाणी फाटकातून आत शिरलं की दिनकरराव जेवण सोडून खिडकीशी उभे राहायचे. बरं, गवत तरी कोणतं? दूर्वाच त्या! पण कातरून कातरून इतक्या आखूड केलेल्या, की गणपतीला वाहायला एक धड जुडी निघायची नाही. दारात दूर्वांचं अंगण आणि घरची बाई दरवर्षी बाजारातून दूर्वा विकत आणतेय. आता काय बोलायचं!

ही घरची बाई म्हणजे मालतीबाई. माहेरच्या वाईच्या. लग्न होऊन कोलकात्यात आल्या त्या एक हट्ट बरोबर घेऊन आल्या. हट्ट ऋषिपंचमीचा. गणपतीच्या दुसऱ्या दिवशी ही पंचमी येते आणि त्या दिवशी बायका बैलाच्या कष्टाचं काही खात नाहीत. नांगरलेल्या शेतातलं धान्य नाही, भाजी नाही. परसात माणसाच्या हातांनी लावलेलं जे काही असेल, अळू, माठ, भेंडी, दोडका, भोपळा, त्याची एकत्र भाजी करायची आणि तेवढ्यावर दिवस काढायचा. पोथीत या व्रताचं जे कारण दिलंय, बाईच्या विटाळाचं, ते मालतीबाईंना मुळीच मान्य नव्हतं. "कसला आलाय विटाळ," त्या फटकन म्हणायच्या. "मी आपली एवढ्यासाठी करते, की वर्षातून एक दिवस तरी दुसऱ्या जिवाला राबवून जेवायचं नाही."

दिनकरराव चेष्टा करायचे. "अगं, आता सगळीकडे ट्रॅक्टर आलेत. बाजारातून आण की भाजी. बैलाचा प्रश्नच मिटला."

"ट्रॅक्टरवाल्याला घाम येत नाही वाटतं?" मालतीबाई म्हणायच्या, की यांची बोलती बंद.

घर झालं त्याच वर्षी त्यांनी हिरवळीतली चार फूट जागा मागितली होती. "बघू पुढच्या वर्षी," दिनकरराव म्हणाले. पुढच्या वर्षीही तेच म्हणाले. मग मालतीबाईंनी विचारणं सोडलं आणि गच्ची धरली. तेलाचे रिकामे डबे, फुटक्या बादल्या, फळवाल्याकडून आणलेले थर्माकोलचे खोके. माती पिशवीतून दोन जिने चढवून न्यायच्या, स्वतः. कामवालीला हात लावू द्यायच्या नाहीत. वर्षभर बाजारची भाजी खायच्या, पण पंचमीची भाजी त्या डब्याखोक्यांतली. खाली नवऱ्याची हिरवळ, वर बायकोचे डबे, असा चौतीस वर्षं संसार चालला. मुलगी अनुजा याच घरात वाढली, लग्न होऊन हैदराबादला गेली, आणि त्या हिरवळीत कधी चार फूट खड्डा पडला नाही.

यंदा फेब्रुवारीत मालतीबाईंना धाप लागायला लागली. पाय सुजले. इस्पितळात अकरा दिवस काढून घरी आल्या त्या अर्ध्या होऊन आल्या. हृदय थकलं होतं. जिना बंद, मीठ बंद, पाणीसुद्धा मोजून. खालच्या मागच्या खोलीत त्यांची खाट लावली आणि दिवसभरासाठी आभा नावाची बाई ठेवली. डॉक्टरांनी दिनकररावांना बाहेर नेऊन सांगितलं, की अमुक महिने असं काही सांगता येणार नाही, पण फार लांबचे बेत करू नका. दिनकररावांनी मान हलवली, औषधांची चिठ्ठी खिशात घातली, आणि रस्ता ओलांडताना आपण कुठल्या बाजूला जायचं तेच त्यांना आठवेना.

गच्चीवरचे डबे वाळले. मालतीबाई एक दिवस खिडकीकडे बघत म्हणाल्या, "यंदाची पंचमी राहिलीच म्हणायची." रडल्या नाहीत, कुरकुरल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या. पंचमी राहिली की मग पुढची कुठली, हे त्या घरात दोघांनाही कळत होतं.

"राहील कशी?" ते म्हणाले. "मी हिरवळ काढतो. पुढे सगळी भाजी लावतो."

मालतीबाईंनी वळून पाहिलं. "तुम्ही? स्वतः?"

"स्वतः."

आणि हे बोलले तेव्हा ते खोटं नव्हतं, एवढं त्यांच्या बाजूने सांगायला हवं. दुसऱ्याच दिवशी कुदळ घेऊन उतरले. एप्रिलचं ऊन, चौतीस वर्षांची मुळांची जाळी, आणि हात कोणाचे, तर उभा जन्म पेन्सिल धरलेले. सातव्या घावाला कंबर धरली. फाटकाचा आधार घेऊन कसेबसे आत गेले आणि मालतीबाईंना म्हणाले, "सुरुवात तर झाली." संध्याकाळी नाक्यावरच्या चहावाल्याने निताई नस्करची गाठ घालून दिली. निताई पन्नाशीचा, लक्ष्मीकांतपूरकडचा, रोज लोकलने येऊन कोणाची बाग खणून दे, कोणाचं गटार उपसून दे, अशी कामं करणारा. त्याने चार दिवसांत सगळी हिरवळ मुळासकट उलथी केली.

निताईला जमीन कळत होती. गवताची एक काडी मागे राहिली तरी ते परत येईल, म्हणून त्याने माती चाळून घेतली. उन्हाच्या बाजूला वाफे केले, दोडक्या-भोपळ्याला बांबूचा मांडव घातला, कोपऱ्यात पाणी साचतं तिथे अळू लावला. भिंतीच्या सावलीत गवती चहा. आणि वाफ्यांमधल्या वाटांवर थानकुनीचे, म्हणजे ब्राह्मीसारखे, वेल सोडले. "याला कापायला नको, पाणी घालायला नको," तो म्हणाला. "पाय पडला तरी मरत नाही, आणि पोट बिघडलं तर चार पानं खा." दिनकरराव प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून बघत होते. आयुष्यातले किती रविवार त्या यंत्रामागे गेले, ते त्यांच्या मनात आलं. यंत्र त्यांनी गल्लीतल्या क्लबाला देऊन टाकलं. फाटकाजवळची वीत-दोन वीत रुंदीची पट्टी मात्र त्यांनी निताईला खणू दिली नाही. तेवढी हिरवळ राहू दे म्हणाले. अजूनही जीव अडकला होता, दुसरं काय!

मालतीबाईंची खिडकी मागच्या बोळात उघडायची. पुढे काय चाललंय ते त्यांना दिसत नव्हतं. आभाला दिनकररावांनी बजावून ठेवलं होतं, की तोंडातून ब्र काढायचा नाही. आणि मग या सज्जन माणसाने काय करावं? रोज संध्याकाळी वाफ्यातली मूठभर माती दोन्ही हातांना चोळायची आणि मगच मागच्या खोलीत जायचं! लाज कशी वाटली नाही म्हणावं, तर वाटत होती. फार वाटत होती. कारण मालतीबाई त्यांना खाटेवर पालथं झोपायला लावायच्या आणि बसल्या बसल्या, मधे मधे श्वास घेत, त्यांच्या कंबरेला मलम चोळायच्या. "दमलात ना?" विचारायच्या. दिनकरराव उशीत तोंड खुपसून "हं" म्हणायचे.

असे तीन महिने गेले. दोडक्याला फुलं आली, भेंडी लागली, माठ दोनदा खुडून झाला. निताई आठवड्यातून दोनदा येऊन जात होता.

श्रावणातल्या एका दुपारी दिनकरराव चहा घेऊन आत गेले, तर मालतीबाईंच्या उशाशी एक कोवळा दोडका ठेवलेला.

"निताईच्या मुलीचं ठरलं," मालतीबाई म्हणाल्या. "अघ्राणात, म्हणजे आपल्या मार्गशीर्षात, लग्न आहे. मुलगा डायमंड हार्बरला वायरमन आहे. तुम्हाला बोलला का?"

दिनकररावांनी कपबशी खिडकीत ठेवली.

त्याचं झालं होतं असं, की निताई पंधरा दिवसांपासून स्टेशनवरून आणलेली सायकल मागच्या बोळात लावत होता. खिडकीत आजारी बाई दिसली, म्हणून बिचाऱ्याने विचारपूस केली. मग आपण केलेल्या बागेचं कौतुक सांगितलं, आणि आज पहिला दोडका गजांतून आत दिला. त्याला कोणी गप्प राहायला सांगितलंच नव्हतं. पंधरा दिवस मालतीबाईंना सगळं ठाऊक होतं, आणि पंधरा दिवस त्या मलम चोळत होत्या.

दिनकररावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि अशा वेळी माणसं करतात तेच त्यांनी केलं. चिडले.

"मग त्यात एवढं काय? कंबर मोडली माझी पहिल्याच दिवशी! भाजी तर आली ना? बैल तर नव्हता ना लावला?"

"नाही," मालतीबाई म्हणाल्या. "बैल नव्हता. निताई होता." थोडं थांबून त्यांनी श्वास घेतला. "बैलाचं चालत नाही मला, आणि माणसाचं चालतं होय?"

"अगं पण…"

"मी ती भाजी खाते की. रोज खाईन. चांगली केलीय त्याने. पंचमीला नाही खाणार, बस्स. पंचमीला पाणी पिऊन राहीन, तेही मोजूनच आहे." त्यांचा आवाज चढला नाही. "आणि खोटं बोललात त्याचंही नाही मला एवढं. चौतीस वर्षं मागत होते हो मी. दिलंत शेवटी, आणि तेही दुसऱ्याच्या हातून दिलंत. त्याचं वाईट वाटतं."

चहा निवून गेला. बाहेर येऊन दिनकरराव कितीतरी वेळ त्या हिरव्यागार वाफ्यांपुढे उभे राहिले आणि त्यातलं एक पानसुद्धा आपलं नाही हे त्यांना पहिल्यांदा कळलं.

मग त्यांनी भिंतीवरचं कालनिर्णय बघितलं. पंचमीला एकोणतीस दिवस होते. आणि फाटकाजवळ ती पट्टी होती, निताईचा हात न लागलेली.

उभ्याने खणणं जमणार नव्हतं. त्यांनी स्वयंपाकघरातला पाट आणला, त्यावर बसले आणि खुरप्याने गवत काढायला घेतलं. एक वीत झाली की पाट पुढे सरकवायचा. पहिल्या दिवशी दोन वितींच्या वर गेले नाहीत. निताईने येऊन खुरपं मागितलं, तर त्याच्यावर खेकसले, आणि मग त्याचा हात धरून माफी मागितली. त्या माणसाला काही कळलं नाही. मेशोमशाय, म्हणजे काका, अशी हाक मारून तो म्हणाला, "उन्हात बसू नका." तीन दिवसांत पट्टी मोकळी झाली. तळहाताला फोड आले, फुटले.

पण लावायचं काय नि कसं, यातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. गवताचा माणूस तो! निताईला विचारायचं नाही असं ठरवलेलं. शेवटी मागच्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले.

"मालती, माठाचं बी किती खोल पेरायचं?"

मालतीबाईंनी डोळे उघडले. त्यांच्याकडे बघितलं, हातांकडे बघितलं.

"पेरायचं नसतं खोल," त्या म्हणाल्या. "मातीवर भुरभुरायचं आणि वरून हात फिरवायचा. देवघराच्या फडताळात पुड्या आहेत. लाल माठाची घ्या, गेल्या वर्षीची."

त्या दिवसापासून दिनकररावांच्या दारात फेऱ्या सुरू झाल्या. पाणी केव्हा घालू? मुंग्या बी नेतायत, काय करू? दाट उगवलंय, उपटू का? मालतीबाई पडल्या पडल्या सांगायच्या, कधी कधी डाफरायच्यासुद्धा. "अहो, झारीने घाला, तांब्याने काय ओतता!" लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली होती, पण मातीवरून ती दोघं पहिल्यांदाच बोलत होती. आभा तोंडाला पदर लावून हसायची.

दहाव्या दिवशी पाऊस कोसळला. गल्लीतलं पाणी फाटकातून आत आलं, ते सगळ्यात आधी त्याच पट्टीवर. निताईचे उंच वाफे तसेच राहिले आणि दिनकररावांची बोटभर रोपं अर्ध्याहून जास्त वाहून गेली. म्हातारा भिजत विटा रचत होता, विटांवर जुनी मच्छरदाणी ताणत होता, आणि मोठमोठ्याने रडत होता. आता रडायचं कशाला, आतमध्ये भेंडीचा ढीग पडलाय, असं कोणीही म्हणालं असतं. पण त्यांना ती भेंडी नको होती. आभाने ओढून आत आणलं, डोकं पुसलं. मालतीबाईंनी विचारलं, "किती राहिली?"

"एकोणीस."

"पुष्कळ झाली," त्या म्हणाल्या. "आता हळूहळू वाढू द्या. रोज उठून उपटून बघू नका."

पंचमीच्या आधीच्या आठवड्यात मालतीबाईंची तब्येत ढासळली. दोन रात्री त्यांना पडता आलं नाही, उशांना टेकून बसून काढल्या. अनुजा यायला निघते म्हणाली, तर मालतीबाईंनीच फोनवर सांगितलं, की दिवाळीला ये. डॉक्टरांनी औषध वाढवलं. गणपती यंदा साधाच बसवला, दिनकररावांनी एकट्याने आरती म्हटली, आणि म्हणताना त्यांचं सगळं लक्ष उद्याच्या सकाळकडे होतं. एवढी एक सकाळ मिळू दे, एवढंच ते मागत होते.

सकाळ मिळाली. दिनकररावांनी आंघोळ करून एकोणीसच्या एकोणीस रोपं खुडली. आभाला स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही. तेल नाही, मिरची नाही, मीठ तर डॉक्टरांनीच काढलेलं. धुऊन, चिरून, नुसत्या पाण्यात शिजवली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी भाजी केली, आणि शिजल्यावर ती आळून वाटीच्या तळाशी बसली. मूठभरसुद्धा नाही. तेवढीशी भाजी बघून त्यांना रडूच कोसळायचं बाकी होतं. वाटी ताटात ठेवली, ताट मागच्या खोलीत नेलं. मालतीबाई उशांना टेकून बसल्या होत्या. आभाने त्यांचे केस विंचरून धुतलेलं पातळ नेसवलं होतं.

त्यांनी ताट मांडीवर घेतलं. हात जोडले. आणि मग हात ताटात घातलाच नाही.

दिनकरराव उभेच होते. "का गं? काय झालं?"

"एक सांगू का?" मालतीबाई म्हणाल्या. "हेही चालत नाही मला."

"म्हणजे?"

"तुम्ही खणलंत, तुम्ही पेरलंत, तुम्ही शिजवलंत. माझ्या नेमाने हे तुम्ही खाऊ शकता. मी कशी खाणार? मी नुसती झोपून होते." बोलताना त्यांना धाप लागली, त्या थांबल्या. "पहिल्या दिवशीच लक्षात आलं होतं माझ्या. तुम्ही बी विचारायला आलात ना, तेव्हाच."

दिनकररावांना हे महिनाभरात एकदाही सुचलं नव्हतं. ते खाटेच्या कडेवर बसले. हात मांडीवर पडले होते, सालं निघालेले, नखांत माती. या वेळची ती माती चोळलेली नव्हती.

"मग सांगितलं का नाहीस?" ते कसेबसे म्हणाले.

"तुम्ही दारात यायचात ना सारखे," मालतीबाई म्हणाल्या. "बरं वाटायचं."

मग मालतीबाईंनी वाटी जवळ ओढली.

"लग्न झाल्यापासून तुम्ही माझ्या हातचं जेवलात," त्या म्हणाल्या. "कोणाच्या घामाचं आहे, कधी विचारलं नाहीत. आज मी तुमचं जेवते. नेम मोडला तर मोडला."

त्यांनी पहिला घास घेतला. अळणी, नुसती उकडलेली पानं ती. सावकाश चावली. दुसरा घास घेतला. दिनकररावांनी त्यांना पाणी दिलं, मोजलेल्यातलंच. मालतीबाईंनी त्यांना खा म्हटलं नाही, त्यांनीही मागितलं नाही. ते नुसते बसून बघत राहिले. शेवटी मालतीबाईंनी वाटी बोटाने पुसून चाटली.

"आणखी आहे का?" त्यांनी विचारलं.

"नाही गं," दिनकरराव म्हणाले. "एवढीच होती."